वळणावरचा हात

मी दहिवलीचा. काळुराम हा चौक गावाच्या वर, डोंगरातल्या ठाकरवाडीचा. पलटणीत मी सेक्शन कमांडर, हवालदार. तो माझा स्काउट, म्हणजे सगळ्यांच्या पुढे चालणारा जवान.

एकदा मी सुट्टीवर निघालो तेव्हा त्याने आईसाठी शाल दिली. मी शहाणा वर्दीतच वाडीवर गेलो. म्हातारीला वर्दी दिसली, सोबत पोरगा दिसला नाही. ती ओट्यावर मटकन बसली. 'मावशे, काळू बरा हाय' असं मी ओरडतोय, पण तिच्या कानात काही शिरेल तर ना! हे कळल्यावर काळूने मला चांगलं फैलावर घेतलं. पुढच्या सुट्टीत त्यानेच आईशी ठरवलं: दोघांपैकी जो येईल त्याने वाडीच्या वळणावरूनच हात वर करायचा. म्हणजे दोघंही ठीक. मग तीही ओट्यावरून हात करायची.

त्या सकाळी सीमेजवळच्या नाल्यात पेट्रोलिंग होतं. पेट्रोलवर तोंड बंद, सगळं हातावर. काळूची मान ताठ झालेली मला मागून दिसली. त्याने मूठ वर केली. आम्ही थांबलो. मग तळवा खाली. आम्ही आडवे झालो, तेवढ्यात फायर आला. सगळ्यांना आडवं करेपर्यंत तो एकटा उभा होता.

"वन कॅज्युअल्टी. स्काउट," मी रेडिओवर सांगितलं.

"कंडिशन?"

"चेक करतोय." खरं तर मला कळलं होतं.

त्याला घेऊन मीच आलो. वाडीत रेंज नाही, आईला कुणी कळवलं नव्हतं. गाडी, सरपंच, सगळे खाली चौकला थांबले. म्हणाले, हवालदारसाहेब, आधी तुम्ही जा.

वळणावर पोहोचलो. ती ओट्यावर उभी, नजर माझ्या हातावर. हात उचलावा तर खोटं, न उचलावा तर सगळं सांगून मोकळा. हात उचललाच नाही. तिने आपला हात वर केला, नेहमीसारखा, आणि तसाच धरून ठेवला. मी अंगणात आलो तेव्हा कुठे तो खाली आला.

"बस रं," ती म्हणाली. "पानी देते."

सेक्शनमधले बाकी सगळे घरी परतलो, ते काळूच्या त्या मुठीमुळे. मी रिटायर झालो, अजून वाडीवर जातो. सुरुवातीला वळणावरून मान खाली घालून चालायचो. एक दिवस म्हातारीच म्हणाली, "हात करत जा रं. तू तरी बरा हायस, तेवडं कळू दे."

म्हणून करतो.