सख्ख्या सासूनं भरलेली ओटी

औरादच्या बाजारात चहाच्या हॉटेलापुढं जो बाक होता, त्याच्या उजव्या टोकावर बसायची दुसऱ्या कुणाची टाप नव्हती. ती जागा उद्धवरावांची. वय पन्नाशीला टेकलेलं, मिशा आता मनसोक्त वाढवलेल्या, पण कपबशी धरताना करंगळी अजूनही नाजूक वर उचललेली. कुणी नवखा दिसला की ते त्याला हटकून विचारत, "माझ्या सख्ख्या सासूनं माझी ओटी भरली, ठावं हाय का?" नवख्याला ते ठाऊक नसे. मग चहा त्याच्या माथी आणि गोष्ट उद्धवरावांची.

गोष्ट खरी होती. फक्त ते ती अर्धीच सांगत.

उमेदीच्या काळात उद्धवराव एका फिरत्या नाटक कंपनीत बायकांची कामं करत. बायकांची म्हणजे एकाच बाईची. गिरिजा नावाची एक सोशिक सून होती आणि तिला एक सासू होती. कंपनीचे मालक अच्युतराव यांना एवढं भांडवल अकरा वर्षं पुरून उरलं. दर साली जत्रांच्या हंगामात गिरिजेच्या हालांचा नवा भाग लागे. एका साली तिच्यावर चोरीचा आळ, दुसऱ्या साली सवत, तिसऱ्या साली सवत मरे आणि आळ पुन्हा गिरिजेवरच. माहेरी तिला एकदाही जाऊ दिलं नव्हतं, कारण गिरिजा माहेरी पोचली की नाटक संपलं आणि कंपनी बसली. निजामाच्या राज्यात प्रयोगाला पोलिसांच्या अमीनसाहेबांची परवानगी लागे. नाटकात सरकारविरुद्ध काही आहे का, असं ते दर साली विचारत. काही नाही हुजूर, फक्त सुनेला छळतात, असं कळलं की निर्धास्त सही करत.

शेवटच्या अंकात गिरिजा सासूचे पाय धरून म्हणे, "सासूबाई, एकवार मज माझ्या मातेचे मुख पाहू द्या." तेवढ्या एका वाक्यावर बिदरपासून आळंदपर्यंत बायकांचे पदर भिजले होते. पडदा पडल्यावर त्या रांग लावून गिरिजेची ओटी भरत, खण-नारळ देत, आणि सासूचं काम करणाऱ्या बिचाऱ्या नटाला मागच्या दारानं गावाबाहेर काढावं लागे.

औरादेत उद्धवरावांच्या स्वतःच्या घरातही एक सून होती. वच्छलाबाई. तिलाही सासू होती, सत्यभामाबाई, आणि या सासूला कुणी भाषणं लिहून द्यावी लागत नसत. वच्छलाबाईचं माहेर मादन हिप्परगा, बैलगाडीनं चार दिवसांची वाट. सहा वर्षांत तिला आई दिसली नव्हती. वडील दोनदा न्यायला आले आणि दोन्ही वेळा उंबऱ्यातून परत गेले. भाकरी कोण थापणार, हा सत्यभामाबाईंचा एकच प्रश्न होता आणि तो ऐकला की घरातला कर्ता पुरुष आरशाकडं वळे.

कर्ता पुरुष पावसाळाभर घरी बसून गिरिजेची तालीम करी. त्यांचं निरीक्षण दांडगं. वडील दुसऱ्यांदा परत गेले त्या दिवशी वच्छलाबाई पीठ मळता मळता रडत होती. हात पिठात, म्हणून तिनं कोपरानं डोळे पुसले. उद्धवरावांनी ते दारातून पाहिलं. पुन्हा एकदा पूस म्हणाले, आणि आरशापुढं जाऊन तसंच करून पाहिलं. त्या साली कोपरानं डोळे पुसणाऱ्या गिरिजेनं गुलबर्ग्यात टाळ्यांचा कडकडाट घेतला. बायको का रडत होती, हे विचारायचं तेवढं राहून गेलं. कलावंतानं तरी कुठं कुठं लक्ष द्यायचं?

अकराव्या साली, हंगामाच्या शेवटी, कंपनी मादन हिप्परग्याला गेली. लग्न जुळवताना मुलगा गुलबर्ग्याला नोकरीत आहे असं सांगितलेलं, त्यामुळं गिरिजा कोण हे सासुरवाडीला माहीत नव्हतं. प्रयोगानंतर रांगेत शेजारच्या शरणम्माचा हात धरून वच्छलाबाईची आई शकुबाई पुढं आली आणि तिनं जावयाची ओटी भरली.

घरी पोचताच उद्धवरावांनी तिचा हिरवा खण सोप्यात ठेवला आणि हकीकत सुरू केली. म्हातारीनं आसवांनी भिजलेल्या तोंडावरून हात कसा फिरवला, माझी वच्छी बी अशीच अडकलीय म्हणून कशी रडली, आणि कुंकू लावायला गेली ती थेट भुवईवर. रांगेतल्या बायका हसल्या म्हणे.

"सख्ख्या सासूनं वळखलं न्हाई," ते मांडी थोपटून म्हणाले. "ह्याला म्हणत्यात सोंग."

सत्यभामाबाईही हसल्या. वच्छलाबाई चुलीपासून उठून बाहेर आली.

"तिथं उजेड नव्हता का?" तिनं विचारलं.

"उजेड? चार गॅसबत्त्या व्हत्या. दिवसासारखं लख्ख."

बाकावरची गोष्ट इथंच संपे. नवखा हसे, उद्धवराव करंगळी उचलत. पुढचं औरादेतल्या बाकीच्यांना माहीत होतं.

वच्छलाबाईनं तो खण उचलला. चार बत्त्यांच्या उजेडात आईला समोरच्या माणसाचं कपाळ सापडलं नव्हतं. सहा वर्षं आपण तिचं तोंड बघायला झुरलो आणि आता तिला आपलं दिसणार नाही, हे तिला उभ्या जागी कळलं. एरवी ती सासूचे पाय धरी. त्या दिवशी धरले नाहीत. हात धुतले, दोन लुगडी फडक्यात बांधली आणि बाजारातून आळंदकडं परतणाऱ्या गाड्यांकडं चालू लागली. भाकरी कोण थापणार, असं सत्यभामाबाईंनी मागून विचारलंच.

"गिरिजा हाय की घरात," वच्छलाबाई म्हणाली.

तीन महिने गिरिजेनं जोंधळे दळले. अच्युतरावांनी अकरा वर्षांत लिहिलं नसेल एवढं सत्यभामाबाईंनी त्या तीन महिन्यांत पोटच्या पोराला ऐकवलं. पुढच्या हंगामात उद्धवराव तळहातांना घट्टे घेऊन रंगभूमीवर उभे राहिले. पाय धरायची वेळ आली आणि त्यांना खरंच रडू फुटलं. नाक गळलं, आवाज फाटला, पुढचं भाषण आठवेना. खरं रडणं प्रेक्षकांना अजिबात पसंत पडलं नाही. मालकांनी गिरिजेचं काम दुसऱ्या नटाला दिलं आणि उद्धवराव माजी झाले.

पण हे नंतरचं. निघाल्यापासून चौथ्या दिवशी वच्छलाबाई हिप्परग्याला पोचली, तेव्हा शकुबाई भर उन्हात ओसरीवर बसली होती. लेक पुढ्यात येऊन टेकली तरी तिला कळलं नाही. म्हातारीनं चाचपडत हात पुढं केला, गालावरून फिरवला, आणि ओल लागली तशी थांबली.

"कोण, गिरिजा? परत आलीस व्हय गं?"

वच्छलाबाईनं आईचे हात दोन्ही हातांत धरले होते, म्हणून कोपरानं डोळे पुसले.

"न्हाई आई, मी वच्छी," ती म्हणाली. "गिरिजा सासरी हाय. भाकरी थापायलीय."