हिरवा माठ

विद्यापीठातल्या आमच्या विभागाच्या व्हरांड्यात एक माठ होता. एप्रिलच्या दुपारी आत पर्यावरणाच्या नीतिशास्त्रावर व्याख्यान चाललेलं असे आणि बाहेर माठ पाझरत असे. त्याच्याखालच्या ओल्या वाळूचा वास खिडकीतून आत यायचा, आणि मोठमोठी वाक्यं त्यात हळूहळू विरघळून जायची.

माठ आमच्या वर्गातल्या एका मुलीने आणला होता. तिचं मुसलमान घराणं पुण्यात कित्येक पिढ्यांचं, वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. बिघडलेली वस्तू टाकायची नसते, हे तिला अभ्यासक्रमातून शिकावं लागलं नव्हतं. विभागात थंड पाण्याचं यंत्र आणि प्लास्टिकचे पेले येणार असं कळल्यावर ती विभागप्रमुखांकडे गेली. ते म्हणाले, "आपला माठ ठेवा. पण एकाची जरी तक्रार आली, तर यंत्र मागवीन." तेव्हापासून रोज सकाळी ती माठ भरायची.

मग पर्यावरण सप्ताह आला. प्रमुख पाहुण्यांनी माठाचं कौतुक केलं की यंत्राचा विषय संपेल, असं तिला वाटलं. साधा माठ पाहुण्यांच्या नजरेत कसा भरणार, म्हणून आम्ही तो गडद हिरव्या ऑइलपेंटने रंगवला, वर पांढरी झाडं काढली. पाहुणे प्लास्टिकमुक्तीच्या फ्लेक्सखाली बसले, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पुष्पगुच्छ त्यांनी स्वीकारला, माठाकडे बघून परंपरेवर बराच वेळ बोलले आणि बाटलीतलं पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी लोणी काळभोरहून येणाऱ्या आमच्या मित्राने पेला तोंडाला लावला. "कोमट हाय गं. अंघोळीला बरंय."

तिने माठावर हात ठेवला. कोरडा ठणठणीत. "रंगाने छिद्रं बुजली," ती म्हणाली. "आता हा पाझरायचा नाही."

विभागप्रमुख नेमके तिथून चालले होते. "माठ देखणा झालाय. तक्रार आली वाटतं?"

"तक्रार कुठाय सर," मित्र म्हणाला. "मला कोमटच आवडतं." आणि त्याने आणखी एक पेला कसाबसा घशाखाली उतरवला.

मी तिला म्हटलं, "नवा आणू या."

"हा फुटलाय का?"

त्यानंतरच्या दुपारी आठवतात त्या एकाच लांबलचक दुपारसारख्या. व्हरांड्यात आम्ही तिघं माठाभोवती बसून पॉलिश पेपरने रंग घासायचो. घासण्याच्या एकसुरी आवाजात डोळे जड व्हायचे. हिरवी पूड केसांवर, पापण्यांवर बसायची. आतल्या वर्गातून 'शाश्वत' हा शब्द अधूनमधून बाहेर येई आणि उन्हात कुठेतरी जाऊन पडे. पांढरी झाडं एकेक करून गेली. मधेच मित्र माठाला टेकून झोपे. ती त्याच्या बाजूचंही घासून टाकी.

सगळा रंग काही निघाला नाही. पण एका सकाळी तिने माठ भरला, तेव्हा एका अंगाला तळहाताएवढा डाग काळसर होत गेला. आम्ही त्याच्याकडे बघत राहिलो. दुपारपर्यंत वाळूत ओल उतरली होती.

विभागप्रमुख आपला स्टीलचा पेला घेऊन आले. ती उठून उभी राहिली. त्यांनी पाणी घेतलं, सावकाश प्यायले.

"फारसं गार नाही," ते म्हणाले, आणि पेला पुन्हा भरून घेतला.