दुपारी तीन वाजता, पुलावर

या सदरातली पत्रं मी नेमानं वाचते आणि नेमानं हसते. रात्री बाराची वेळ, सुनसान रस्ता, पांढरी साडी... त्या बाईकडे दुसरी साडीच नाही का, असं मी नातीला विचारते. एकतीस वर्षं मुलींना गणित शिकवलंय मी. जे फळ्यावर मांडून दाखवता येत नाही, ते मानायचं नाही हा माझा खाक्या. पत्रिका, दृष्ट, आडवं जाणारं मांजर — कशालाच कधी भीक घातली नाही. तरी आज लिहायला बसले, कारण साठाहून जास्त वर्षं झाली, एक गणित माझ्याकडून सुटलेलं नाही. आणि ते भर दुपारचं आहे, तीन वाजताचं, कडक उन्हातलं.

साल १९४८. हैदराबाद. काचीगुडा स्टेशनापासून चालत पाच मिनिटांवर एका घराचा वरचा मजला आमच्याकडे भाड्यानं होता. खाली मालकीणबाई राहायच्या, त्यांना सगळे खालाबी म्हणत. वर सासरे, सासूबाई, आमचे हे आणि मी. सासरे दिवाणी कोर्टात नोकरीला. त्यांच्या मराठीत निम्मी उर्दू असायची. हे शाळेत भूगोल शिकवायचे. मी एकोणीस वर्षांची, सोलापूरची, मॅट्रिक झालेली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

"हे" म्हणजे कोण, असं विचाराल. आमच्या वेळी नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नव्हती. घ्यायचंच झालं तर उखाण्यात, चारचौघींत, यमक जुळवून. नुसतं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं सासूबाई म्हणायच्या. माझा अर्थातच विश्वास नव्हता. पण नाव मात्र मी कधी घेतलं नाही. आता हसा मला.

ह्यांनी लग्नात मला वचन दिलं होतं — पहिल्या उन्हाळ्यात तुला युरोप दाखवीन. शाळामास्तरच्या पगारात! अफझलगंजच्या रद्दीवाल्याकडून त्यांनी प्रवाशांसाठीचं एक जुनं इंग्रजी पुस्तक आणलं होतं. लाल पुठ्ठा, घडीचे नकाशे, गल्लीन् गल्ली दिलेली. फ्लॉरेन्स, रोम, शेवटी व्हेनिस. रोज दुपारी ते एक पान वाचायचे आणि मी डोळे मिटून ऐकायची. "चल, डावीकडे वळ. आता देऊळ दिसेल." चर्चला ते देऊळच म्हणायचे. मी म्हणायची, "अहो, माझी चप्पल चावतेय, हळू चला." त्या उन्हाळ्यात मला सोलापूरसुद्धा परदेश झाला होता. संस्थान वेगळं, हिंदुस्थान वेगळा, सरहद्दीवर झडती, गाड्यांचा भरवसा नाही. माहेरचं पत्र महिन्यानं यायचं. मग म्हटलं, परदेशच बघायचा तर व्हेनिस काय वाईट?

उन्हाळा तापायच्या आतच ह्यांनी शाळेच्या गच्चीवर तिरंगा लावला. संध्याकाळी पोलीस घरी. सासरे दारात उभे होते. मी पोळ्यांचा डबा बांधून दिला. हे जिना उतरता उतरता हळूच म्हणाले, "रोज तीन वाजता. एकेक पान. मला पाठ आहे, तू पुस्तक बघ. चुकायचं नाही."

जेल शहरातच होता, टांग्यानं अर्धा तास. पण पत्र यायला आठ-दहा दिवस लागायचे, कारण प्रत्येक पत्र कुणीतरी वाचायचं. घरगुती मजकुराखेरीज काही लिहायची सोय नव्हती. तेव्हा हे व्हेनिस लिहायचे. "आज आपण कालव्याकाठानं गेलो. तू दमलीस." आणि जिथे जिथे पूल हा शब्द यायचा, तिथे काळी शाई फासलेली! पूल उडवायचा कट असेल असं त्या वाचणाऱ्याला वाटायचं बहुतेक. व्हेनिसमध्ये तर पावलापावलाला पूल. पत्रं नुसती काळीनिळी व्हायची. सासरे चष्मा पुसत म्हणायचे, "सूनबाई, ह्या मजमूनाचा मतलब काय?" मी काय सांगणार, कप्पाळ?

सुरुवातीला ही सगळी कल्पनाच होती. मी तसं लिहून द्यायला तयार आहे. तीनची गाडी शिटी द्यायची, मी वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारायची, पुस्तक छातीवर घेऊन आडवी व्हायची आणि पानावरच्या गल्ल्या आठवायची.

पण मे महिन्यात काहीतरी बदललं. कधी, ते नेमकं सांगता येणार नाही. वाळ्याचा वास जाऊन शेवाळाचा यायला लागला. पायांखाली दगड — गार, ओले, मधे जरा झिजलेले. उन्हाचा रंग आपल्यासारखा पांढरा नाही, तुपासारखा. भिंतींवर पाण्याचे कवडसे हलतायत, कुठेतरी बाई भांडी घासतेय आणि परक्या भाषेत कुणावर तरी करवादतेय. आणि हे माझ्या मागे, नेहमीसारखे रेंगाळत, प्रत्येक पाटी वाचत. आम्ही फारसं बोलायचो नाही. मला आयुष्यात इतकं निवांत पुन्हा कधी वाटलं नाही, हे खरं सांगते. नवरा तुरुंगात आणि मी सुखात! उठल्यावर लाज वाटायची.

एकदा एका हिरव्या दारावर पितळी सिंहाचं तोंड दिसलं, कडी अडकवलेलं. हात लागून लागून सिंहाचं नाक पार झिजलं होतं. मीही बोट फिरवलं. पुस्तकात असलं दार कुठेही नाही, मी दोनदा सगळी पानं चाळली. त्या दिवशी मी पत्रात काहीही लिहिलं नाही, कुणाला सांगितलंही नाही. नऊ दिवसांनी ह्यांचं पत्र आलं, त्याच दिवशीच्या तारखेचं. "दिसेल त्याला हात लावायची तुझी खोड काही जात नाही. बिचाऱ्याला आधीच नाक नाही."

मी पत्र घेऊन मोरीत जाऊन बसले. गणित मांडून पाहिलं — दोघांनी एकच पुस्तक वाचलेलं, दोघांच्या मनात एकच गाव, जमू शकतं. पण नाक?

जूनच्या सुरुवातीला पत्रं थांबली. आठ दिवस, दहा दिवस, पंधरा. एका संध्याकाळी सासरे कोर्टातून आले ते पगडी न उतरवता बसूनच राहिले. जेलमधून सुटून आलेला एकजण त्यांना भेटला होता. "तबियत नासाज आहे म्हणे त्याची. टायफॉइड. जेलच्या दवाखान्यात आहे. भेटीची इजाजत नाही." मग पगडी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "डॉक्टरांनी उम्मीद सोडली म्हणतात."

सासूबाईंनी देव पाण्यात घातले. मी काय करणार? मी तीन वाजायची वाट बघत बसले.

दुसऱ्या दिवशी तीनला आडवी झाले आणि जवळजवळ लगेच तिथे होते. पाण्याकाठचा चौक. कबुतरं. तेच तुपाचं ऊन. पण हे मागे नव्हते, पुढे होते. रोज रेंगाळणारा माणूस आज भराभरा चालत होता. पाट्या वाचत नव्हता. समोर दगडी पूल, पायऱ्यापायऱ्यांचा. त्या दिवसाच्या पानावर स्पष्ट होतं की पुलापलीकडे भाजीबाजार आहे. मला बाजार दिसेना. पलीकडे नुसता उजेड होता. घरं नाहीत, माणसं नाहीत, पाणीही नाही. वाईट दिसत नव्हता तो उजेड, उलट छान होता. पण मला कळलं.

मी हाक मारली, "अहो!"

कुणी वळलं नाही. "अहो, ऐकलंत का!" परक्या मुलखात "अहो" कोणाला कळणार? चौकातले दोन-चार पुरुष माझ्याकडे बघायला लागले. हे पहिली पायरी चढले. मी धावायला गेले तर माझे पाय उचलेनात. नाव घ्यायला हवं होतं. आणि वाचकहो, मला नाव घेता येईना! नाव घ्यायचं तर उखाण्यात, म्हणून मी यमक जुळवायला लागले. विश्वास ठेवा, नवरा चाललाय आणि मी तिथे उभी राहून यमक शोधतेय. पूल... फूल... चूल... हे अर्ध्या पायऱ्या चढून गेले, मी आपली चुलीवरच अडकलेली! आणि डोक्यात सासूबाईंचं वाक्य, नुसतं नाव घेतलं की आयुष्य कमी होतं. विश्वास नव्हता ना माझा? मग घशात काय अडकलं होतं?

ते पुलाच्या अगदी वर पोचले. मी सगळा जीव एकवटून ओरडले —

"मुकुंदा!"

ते थांबले. वळले. पुस्तक वाचताना कुणी मधेच उठवलं की त्यांच्या कपाळाला एक आठी पडायची, तीच आठी.

मी जागी झाले ती माझ्याच आवाजानं. खरोखर ओरडले होते. सासूबाई उलथनं घेऊन दारात उभ्या. जिन्यातून खालाबी धापा टाकत वर आल्या. "क्या हुआ गे बच्ची? कायकू चिल्लारी? ये मुकुंद कौन है?" त्यांनी हे नाव कधी ऐकलंच नव्हतं. त्यांच्यासाठी हे मास्टरसाब.

सासूबाई भिंत धरून खाली बसल्या. "नाव घेतलीस त्याचं... तेही अरेतुरे... आता ह्या वक्ताला... काय केलीस गं बाई हे!" त्या मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मी वाढलेलं जेवल्या नाहीत. त्यांच्या लेखी मी त्यांचा मुलगा संपवला होता. आणि खरं सांगू? रात्रीच्या अंधारात माझ्याही लेखी.

अकराव्या दिवशी पत्र आलं. अक्षर ह्यांचं नव्हतं. सासऱ्यांनी ते पाहिलं आणि माझ्या हातात दिलं, त्यांना वाचवेना. मी उभ्या उभ्या मोठ्यानं वाचलं. जेलमधल्या कुणा परभणीकडच्या माणसानं लिहून दिलं होतं. वर तारीख त्याच दिवसाची.

"वहिनी, मास्तरांनी सांगितलं म्हणून लिहितो. आम्ही आशा सोडली होती. आज दुपारी तीनचे टोल पडले आणि मास्तरांनी डोळे उघडले. विचारलं, मला नावानं हाक कुणी मारली? इथे सगळे आम्ही त्यांना मास्तरच म्हणतो. आईची हाक का, असं मी विचारलं तर म्हणाले, आईची नव्हे. आईनं ऐकलं तर तिला काय वाटेल! मग पाणी मागून प्यायले. तुम्हांला निरोप आहे की मी..." इथे काळी शाई. "...वरून परत आलो."

एकच शब्द पुसला होता. कुठला, ते मला सांगायला नको. सासूबाई उठल्या, पाण्यातले देव बाहेर काढून पुसले आणि माझ्यासमोर ताट ठेवलं. "जेव," म्हणाल्या. त्या विषयावर पुढे त्या आयुष्यभर एवढंच बोलल्या.

सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, संस्थान संपलं, जेलची दारं उघडली. हे टांग्यातून उतरले तेव्हा सदरा हँगरला लावल्यासारखा लोंबत होता. मी दारात. सगळे बघतायत. म्हणाले, "काय, नावानं बोलवत नाहीस?"

"कसलं नाव? काहीतरीच तुमचं. चहा ठेवू का?"

मी शेवटपर्यंत कबूल झाले नाही. किती वर्षं चिडवलं त्यांनी! मुलगा मोठा झाला, नल्लकुंट्यात घर झालं, मी बी. ए. केलं, नोकरी केली. मुलानं एकदा खरोखरच दोघांना युरोप टूरला पाठवायचं काढलं. हे म्हणाले, "बघून झालंय. आणि तुझी आई तिथे आरडाओरडा करते."

काही वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात त्यांना घराजवळच्या दवाखान्यात ठेवलं होतं. वय नव्वदीला टेकलेलं. अंगात काही उरलं नव्हतं, कूस बदलली तरी कण्हायचे. दुपारची वेळ. डोळे मिटलेलेच होते, आणि एकदम स्वच्छ आवाजात म्हणाले, "पूल आला वाटतं."

मुलगा म्हणाला, "बाबांना भ्रम होतोय." मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तीन.

नाव माझ्या जिभेवर होतं. हाक मारली असती तर वळले असते, याबद्दल मला काडीची शंका नाही. कपाळाला आठी घालून, पण वळले असते. आणि मग परत तीच खाट, तेच कण्हणं. मी त्यांच्या कानाशी वाकले. "अहो," म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे. मी पुस्तक घेऊन आलेच."

कपाळावर आठी पडली नाही. थोड्या वेळानं सगळं शांत झालं.

माझी नात डॉक्टर आहे. ती म्हणते, आज्जी, योगायोग. तापात माणसाला आवाज ऐकू येतात. असेल. नाक, तीनचे टोल, तारीख, नाव — चार योगायोगांचा गुणाकार मी कितीदा करून पाहिला, उत्तर येतं पण पटत नाही. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. कुणाकडे असेल तर जरूर लिहा, पण मांडून दाखवा.

ते पत्र लाल पुस्तकात ठेवलंय, पुलाच्या पानावर. मी अजून रोज तीन वाजता आडवी होते आणि एकेक पान वाचते. आता गावात एकटीच हिंडते, पण भीती वाटत नाही. घाईही नाही. मुकुंदा पुलावर थांबलाय, पाट्या वाचत. या खेपेला हाक मारायची पाळी त्याची आहे.