चाकांवर उतरणारे मामा

अंतराळयानांविषयी इतकं ठासून आणि इतकं चुकीचं बोलणारा माणूस आमच्या हिच्या मामांखेरीज अख्ख्या पालघर जिल्ह्यात सापडायचा नाही. जव्हार-मोखाडा रस्त्यावर त्यांनी जन्मभर जीप चालवली आणि मागे कोंबलेल्या प्रवाशांना, त्यांच्या कोंबड्यांसकट, एकच गोष्ट ऐकवली: यानाला पंख आणि चाकं हवीतच. धावपट्टीवर उतरावं, माणसं-सामान उतरवावं, पुन्हा वर जावं. पॅराशूटला लटकून समुद्रात पडणारी कॅप्सूल त्यांच्या लेखी फणस. "पडला तिथं पडला. मग बोटी घेऊन हुडकत फिरा. स्वतःची गाडी स्टँडवर आणत नाही तो ड्रायव्हर कसला?" पंखवालं यान फार महाग पडलं म्हणून बंद झालं आणि हल्ली कॅप्सूलही पुन्हा वापरतात, असं मी एकदा म्हणालो. मामांनी घाटात जीप थांबवली आणि मला पुढच्या सीटवरून उठवून कोंबड्यांत बसवलं. आपल्या देशाचं छोटं, बिनमाणसाचं पंखवालं यान धावपट्टीवर उतरलं, तेव्हा मोखाड्याच्या बाजारात त्यांनी जिलबी वाटली. नातवंड झालं असावं असं वाटून एका बाईनं विचारलं, "पोरगा का पोरगी?" मामा म्हणाले, "चाकं आहेत."

गेल्या भादव्यात मामा जव्हारकडच्या वांगणीला एका जुन्या प्रवाशाकडे जेवायला गेले आणि भाताच्या बांधावरून घसरून मांडीचं हाड मोडून बसले. जीप ओढ्यापलीकडे. पाड्यावरच्या चौघांनी बांबूला घोंगडी बांधून डोली केली. दुसऱ्याच्या हाती कधी स्टिअरिंग न दिलेला हा माणूस त्या झोळीतून "हळू, वळण आहे" म्हणून ओरडत होता. कमरेएवढ्या पाण्यात मात्र त्यांचा धीर सुटला. "मला ठेवा इथंच, तुम्ही व्हा पुढे," म्हणाले. पुढचा गडी मागे न बघता म्हणाला, "गप निज, मामा. आमी तुला न्यावालाच तं आलो." वेळेत पोचले म्हणून पाय वाचला, असं डॉक्टर म्हणाले. गाडी चालवणं मात्र संपलं, जीपही विकली.

परवा अंतराळवीरांची कॅप्सूल समुद्रात उतरणार होती. मामांना डिवचायची अशी संधी मी सोडतो की काय? गेलो. मामा ओटीवर पाय लांब करून मोबाइलकडे बघत होते. फणसाचा उल्लेख नाही, शिवी नाही. कॅप्सूल लाटांवर डुलत होती, बोट अजून लांब होती. मामींनी जेवायला हाक मारली. "थांब जरा," मामा म्हणाले, "त्यांना न्यायला माणसं पोचू देत."

भांडायला गेलेला मी त्यांच्या शेजारी बसलो.