आधी चांगल्या पायाला हात

मंचरच्या दवाखान्यात वहिनींना शेवटचं भेटलो, तेव्हा त्यांनी स्वतःच्या दुखण्याचं अवाक्षर काढलं नाही. मी स्टूल ओढून टेकतोय तोच विचारलं, "भावजी, साळूच्या पायांना हात लावला का सकाळी?" साळू म्हणजे आमची घोडी. "लावला की," मी म्हणालो. साफ खोटं! घाईघाईत चारा टाकून मी तसाच एसटीत बसलो होतो. वहिनींनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं, मग डोळे मिटून म्हणाल्या, "बरं…" दुसऱ्या दिवशी सकाळीच पुतण्याचा फोन आला, आई गेली म्हणून. त्याला आता सहा आठवडे होतील, पण ते "बरं" काही माझ्या कानातून जात नाही.

वहिनी निमगाव सावाच्या. त्यांच्या माहेरी दारात घोडी असायचीच. लग्न होऊन पिंपळवंडीला आल्या तेव्हा आमच्याकडे चिमणी होती, या साळूची आई. आमच्या भागात जत्रेतल्या बैलगाड्याच्या शर्यतीत बैलांच्या पुढं घोडी पळते, आणि घोडीवर मी! घाटाचा, म्हणजे शर्यतीच्या वाटेचा, चढ संपला की मी लगाम असा खेचायचो, की चिमणी मागच्या पायांवर बसल्यागत जागच्या जागी थांबायची. लोक शिट्ट्या मारायचे, फेटे उडवायचे. वहिनी सांगायच्या, "भावजी, गचकन थांबवू नका. सगळा भार तिच्या मागच्या सांद्यावर येतो." मी म्हणायचो, "वहिनी, तुम्ही भाकरी बघा, घोडी मी बघतो." आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

व्हायचं तेच झालं. एका जत्रेहून चिमणी लंगडत घरी आली. मागच्या उजव्या पायाच्या मधल्या सांध्यावर लिंबाएवढी सूज आली होती. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, म्हणाला, डाग देऊ, नाही उतरलं तर बाजारात काढू. लंगड्या घोडीला बाजारात कोण घेतं आणि कशासाठी घेतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. अंगणात लोखंडी सळई तापत ठेवली. वहिनी चुलीपुढून उठल्या, पदर खोचला आणि घोडीच्या आडव्या उभ्या राहिल्या. "डागच द्यायचा असंल तर ज्यानं गचका दिला त्याच्या बुडाला द्या. घोडीनं काय केलंय?" जमलेली माणसं हसली, मी लाजेनं मेलो, आणि तेवढ्यात सळई निवली! दादाला त्यांनी एवढंच सांगितलं, "मला चार महिने द्या. न्हाई सुधारली तर मी सवताच्या हातानं दावं सोडून देते."

मग वहिनींचा कारभार सुरू झाला. जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, गार पाणी, विश्रांती, आणि चालवायची ती हळूहळू वाढवत. खाली उसाच्या पाचटाचा जाड थर आला. चारही खुरं सारखी कापून घेतली, म्हणजे भार एका बाजूला पडायला नको. रोज सकाळी कुकडीच्या पात्रात सांधा बुडेल एवढ्या पाण्यात तिला उभी करायची, मग सरळ वाटेनं चालवायची. खुंट्याभोवती गोल गोल फिरवायला सक्त मनाई, कारण वळताना सांधा पिळतो. गावात चेष्टा व्हायची, "काय वहिनी, निघाली का घोडी आंघुळीला?" वहिनी म्हणायच्या, "तुमीबी या की, लई दिवस झालेले दिसत्यात."

दोन महिन्यांत चिमणी इतकी झकास चालायला लागली, की मला राहवेना. वहिनी माहेरी गेल्याचं बघून मी तिला कॅनॉलच्या कडेनं दौडवली. परत येताना ती पुन्हा लंगडत होती… वहिनी आल्या, सांध्याला हात लावला आणि मटकन खालीच बसल्या. मला वाटलं, आता शिव्या बसणार. पण त्या रडल्या. त्यांना रडताना मी तेव्हाच पाहिलं. दुसऱ्या दिवशी दावं माझ्या हातात दिलं. "आता पाण्यात तुमी उभं ऱ्हायचं."

ऐन थंडीत मी उभा राहिलो. दात वाजायचे, पण तोंड उघडायची सोय नव्हती. तिथंच त्यांनी मला हात लावायला शिकवलं. मी थेट दुखऱ्या सांध्याकडं गेलो, तर म्हणाल्या, "तसं न्हाई. आधी चांगल्या पायाला हात लावा. चांगला कसा लागतो ते हाताला म्हाईत न्हाई, तर दुखरा कसा कळंल? ती लंगडायला लागायच्या आधी सांदा ऊन व्हतो. तेवढं समजलं की अर्धं काम झालं." आधी डावा, मग उजवा, तळवा टेकवून. रोज.

चार महिन्यांचे सात झाले. दादा कुरकुरला, पण बाजाराचं नाव परत काढलं नाही. पुढच्या जत्रेत चिमणी पळाली. घाट संपल्यावर मी लगाम खेचला नाही. पलीकडच्या मोकळ्या रानात तिला लांबवर सोडली, दुडकी, मग चाल, मग थांबली. वहिनी पहिल्यांदाच घाटावर आल्या होत्या, लांब बांधावर उभ्या होत्या. घरी येताना म्हणाल्या, "आज शिट्ट्या कमी पडल्या, भावजी." मी म्हणालो, "हो ना." त्या हसल्या, "बरं झालं." त्यानंतर कितीतरी वर्षं चिमणी पळाली, तिचा पाय पुन्हा कधी धरला नाही.

दवाखान्यातून त्या संध्याकाळी घरी आलो तो तडक गोठ्यात गेलो. साळूचा डावा सांधा गार होता. उजवा ऊन लागला. सूज नाही, लंगडणं नाही, नुसता ऊन. उद्या जाऊन वहिनींना खरं काय ते सांगायचं, चुकलो म्हणायचं, असं ठरवून झोपलो, आणि सकाळी तो फोन आला. दहावं झाल्यावर साळूला कुकडीत उभी करायला लागलो. जत्रेचं बोलावणं आलं होतं, त्यांना सरळ नाही म्हणून सांगितलं.

परवा सकाळी मी तिच्याजवळ बसलो होतो. आधी डावा, मग उजवा. दोन्ही सारखेच गार! "लावला, वहिनी," मी मोठ्यानं म्हणालो, "आज खरंच लावला." मागं वळलो तर गोठ्याच्या दारात दादा उभा. एवढ्या वर्षांत त्यानं घोडीच्या पायाला कधी हात लावला नव्हता. तो आत आला, गुडघे धरत धरत माझ्याशेजारी खाली बसला आणि हात पुढं केला.

"आधी कुठला?" त्यानं विचारलं.

"आधी चांगला," मी म्हणालो.