मजकूर वाचून दाखवला आहे

वडा खाऊन हात पुसलेला नॅपकिन सरांनी माझ्या हातांवर टाकला. बोटं कीबोर्डवर होती, त्यांच्या वरच. म्हणाले, "आता टाईप कर. पाहुण्यांना दाखव."

समोर दोघं बसलेले. वागळे इस्टेटमधल्या कंपन्यांना माणसं पुरवणारे कॉन्ट्रॅक्टर. सर कामगार कायद्याचे सल्लागार, नौपाड्यात ऑफिस, मी त्यांची टायपिस्ट. एकाने पेपरातली बातमी माझ्यापुढे धरली आणि मी ती नॅपकिनखाली टाईप केली. खाली न बघता, एक चूक न करता. तेलाचा वास येत होता. ते हसले. माकड सायकल चालवतं तेव्हा हसतात तसे.

"मशीन आहे ही," सर म्हणाले. "डोकं मध्ये आणत नाही, म्हणून स्पीड." मग, मी तिथे नसल्यासारखं, "यांच्यातल्या मुलीचा हात असा चालताना पहिल्यांदा बघतोय मी."

यांच्यातल्या. आडनाव त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलेलं. मग गाव. मग गावात घर कुठल्या बाजूला. त्यानंतर विचारायचं काही राहिलं नव्हतं.

आणि मी काय केलं? हसले. लिहायला लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू. हसले, नॅपकिनची घडी केली, टेबलाच्या कडेला ठेवली. मनात म्हटलं, स्पीडचं कौतुक तर झालं. तेवढ्यावर खूश होणारी होते मी.

टायपिंग शिकायला आईने लावलं. ती वागळे इस्टेटमध्येच एका कंपनीत सोळा वर्षं झाडूपोछा करायची. आंबिवलीहून सकाळी सहाला निघायची. घरात आम्ही नुसतं 'कंपनी' म्हणायचो. तिला कामावर ठेवणारा कॉन्ट्रॅक्टर कोण, त्याचं नाव काय, मी कधी विचारलंच नाही. बारावीनंतर तिने क्लासचं काढलं तेव्हा मी तोंड वाकडं केलेलं. म्हटलं, आता फोनला बोललं तरी तो लिहितो, कशाला बोटं मोडायची?

"फोन लिहील गं. पण नोकरी फोनला देणारेत का तुला?" ती म्हणाली. "माझी बोटं फिनाईलने खाल्ली. तुझी दहाच्या दहा चालू देत."

क्लास कल्याणला, स्टेशनजवळ दुसऱ्या मजल्यावर. ए एस डी एफ जी एफ. महिनाभर नुसतं तेच. करंगळी सुजायची. बाई कीबोर्डवर पुठ्ठ्याचा खोका ठेवायच्या आणि त्यात हात घालून टाईप करायला लावायच्या. मान खाली गेली की पट्टी. रागीट बाई, पण जीव लावून शिकवायच्या. त्यांचा एक नियम होता. अक्षरं वाचा, अर्थ वाचू नका. अर्थ वाचला की बोट अडकतं.

खरंच होतं ते. एकदा उताऱ्यात एका बाईचं मूल जत्रेत हरवलेलं. मी त्यातच गुंतले, मूल सापडतं का बघत राहिले, आणि वेळ संपली. त्यानंतर कधी गुंतले नाही. इंग्रजी पास, मराठी पास. आईने दोन्ही सर्टिफिकेटं लॅमिनेट करून आणली आणि अख्ख्या चाळीला दाखवत फिरली.

नॅपकिनच्या प्रकारानंतर चारेक दिवसांनी सरांनी हाताने लिहिलेला एक कागद दिला. त्याच पाहुण्यांचं काम. "एक पानी आहे. नावाची जागा रिकामी सोड, बावीस प्रती काढ." मी टाईप करून टाकला. पाच मिनिटं पण लागली नसतील. तेव्हा डोक्यात काय होतं ते पण आठवतंय. डब्यातली भेंडी उकाड्याने आंबली असेल का, हे. प्रती काढल्या, पाकिटात घातल्या, पाकीट दिलं.

पुढच्या आठवड्यात माझ्या सुट्टीच्या दिवशी आई सकाळी दहालाच घरी परत आली. चप्पल न काढता दारात उभी.

"गेटवर घेतलं नाही," ती म्हणाली. "वॉचमन म्हणतो, तुम्ही सोडलीय ना नोकरी. मी कुठे सोडली?"

आधीच्या आठवड्यात कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाने सगळ्या बायकांच्या सह्या घेतलेल्या. नवीन ओळखपत्र करायचंय म्हणाला. एकीने हुशारी करून कागदाचा फोटो काढलेला. आईने फोन माझ्यापुढे धरला. "वाच गं, काय लिहिलंय यात."

मी वाचलं. मी स्वखुशीने, घरगुती कारणामुळे, कामाचा राजीनामा देत आहे. माझ्यावर कोणाचीही जबरदस्ती नाही. वरील मजकूर मला वाचून दाखवला आहे व तो मला समजला आहे.

वर कॉन्ट्रॅक्टरचं नाव. परिच्छेदाच्या सुरुवातीला पाच जागा सोडलेल्या, तारीख उजवीकडे, सहीच्या रेघेखाली दोन ओळी मोकळ्या. आमच्या क्लासची पद्धत. नौपाड्याच्या ऑफिसात माझ्याशिवाय असं कोणी सोडत नाही.

"आई, हे मी टाईप केलंय."

तिला आधी कळलंच नाही. मी दोनदा सांगितलं. मग ती म्हणाली, "तू वाचलं नाहीस?"

एवढंच. शिवी नाही, आरडाओरडा नाही. मी सांगायला लागले, टायपिंगमध्ये अर्थ वाचायचा नसतो. अर्ध्यावर माझं मलाच ऐकू आलं काय बोलतेय ते.

दुपारी चार-पाच बायका घरी आल्या. पुढे काय करायचं त्याचं बोलायला. आईने काही लपवलं नाही, सरळ सांगून टाकलं. तिच्याबरोबर सोळा वर्षं एका डब्यात जेवलेली मावशी होती. ती माझ्याशी बोललीच नाही. आईला म्हणाली, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ." आईने मान खाली घातली. माझ्यामुळे घातली.

बायका गेल्यावर ती भांडी घासत होती. पाठ माझ्याकडे. म्हणाली, "तुला क्लासला घातलं ते चुकलं का गं माझं?"

मला रडू आलं. जी गोष्ट तिने पोटाला चिमटा काढून मला शिकवली, त्याच गोष्टीने तिला गेटाबाहेर काढलं.

बायकांनी कामगार ऑफिसात तक्रार दिली. तिथलं पत्र कॉन्ट्रॅक्टरकडून सरांकडे आलं. मी अजून कामावर जातच होते, घरात आता तेवढाच पगार येत होता. सरांनी मला बोलावलं, उत्तर टाईप करायचं होतं. मी म्हटलं, "सर, त्या बावीसमध्ये माझी आई आहे."

सरांनी पेन खाली ठेवलं. खरंच वाईट वाटल्यासारखा चेहरा केला. "अगं, आधी सांगायचंस ना. तिचा एकटीचा कागद काढून घेऊ. उद्यापासून पाठव तिला. आणि मनाला लावून घेऊ नकोस, टायपिस्टला पाप लागत नाही."

मी जिन्यात जाऊन आईला फोन लावला. का लावला? कारण मला हवं होतं की तिने हो म्हणावं. म्हणजे सगळं मिटलं असतं.

"बाकीच्या बाहेर आणि मी आत पोछा मारू?" ती म्हणाली. "कोणत्या तोंडाने जाऊ?" आणि फोन ठेवला.

आत येऊन बसले. सर उत्तराचा मजकूर सांगायला लागले. सर्व महिला कामगारांना राजीनाम्याचा मजकूर मराठीत वाचून दाखवण्यात आला होता. बोटं जागेवर होती. पण वाक्य कानातून आत गेलं, अर्थासकट, आणि बोट अडकलं. पुढे जाईना.

"काय झालं?"

"हे खोटं आहे. कोणी वाचून दाखवलेलं नाही."

"तुला विचारलं कोणी?" सर हसत म्हणाले. "तुला हात चालवायला ठेवलंय. हात चालव."

"हे मी टाईप करणार नाही, सर."

मग त्यांचं हसू गेलं. काय काय बोलले. तुम्हा लोकांना जवळ केलं की असंच होतं, हे पण बोलले. मी डबा घेतला आणि निघाले.

तडक कल्याणला क्लासमध्ये गेले. बाईंना सगळं सांगितलं, मशीन मागितलं. बाई म्हणाल्या, "अर्थ वाचू नका हे मी परीक्षेपुरतं सांगितलेलं गं." आणि कोपऱ्यातली खुर्ची दिली.

माझा जबाब मी तिथे टाईप केला. हा कागद मी टाईप केला तेव्हा नावाची जागा रिकामी होती. सह्या होण्याआधी बावीस प्रती निघाल्या होत्या. मी तो वाचला नव्हता. अर्ध्या पानाला दीड तास लागला. दर वाक्याला हात थांबत होता. मग तो बायकांना आंबिवलीत आमच्या दारात बसवून मोठ्याने वाचून दाखवला, आणि मगच सही केली.

त्याला आता बरेच महिने झाले. तारखा पडतायत. नोकरी मागायला गेले तर नौपाड्यात दोन ऑफिसांनी मला चहा पाजून परत पाठवलं, सगळ्यांना कळलंय. आई कल्याणला दोन बिल्डिंगींत धुणीभांडी करते. माझ्याशी कामापुरतं बोलते. चाळीतल्या मुली विचारतात, ताई, क्लास लावू का, काही फायदा आहे का? मी सांगते, लावा. दहा बोटांनी शिका, खाली न बघता शिका. पण पुढ्यातला कागद आधी वाचा. उशीर झाला तर होऊ दे. कोणी ओरडलं तर ओरडू दे.

पुढच्या तारखेला समोरचे मला विचारणार आहेत, तू वाचलंच नव्हतंस तर तुला काय माहीत? विचारू देत. त्यात माझी अब्रू जाणार, तेही माहितीय. आईने मला माफ केलेलं नाही आणि मी माफी मागितलेली पण नाही. आधी, त्या कागदावरची तिची सही खोटी नाही, पण कागद खोटा आहे, हे ठरायला पाहिजे. तिचा एकटीचा नाही, बावीसच्या बावीस. तोपर्यंत दर तारखेला मी जाणार. आणि हा कागद कोणी बनवला असं विचारलं, की सरांचं नाव सांगणार, आणि टाईप कोणी केला म्हटलं, की सगळ्या बायकांसमोर हात वर करणार.