ब्रशवरची पांढरी पूड

आधीच स्पष्ट करते: महादेवीला माझा मेकअपचा ब्रश वापरताना मी पाहिलेलं नाही. एकदाही नाही. आता काय सांगू तुम्हाला, हे वाक्य मला वेळेवर सुचलं असतं, तर आज आमचं घर इतकं गप्प नसतं!

महादेवी माझी धाकटी जाऊ. मी कलबुर्गीच्या एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. माझ्या गालांवर पुरळ उठलं, तेव्हा निदानही मीच केलं: अस्वच्छ ब्रश. त्यात तेल साचतं, मृत पेशी साचतात, वर ओलावा राहिला की जंतूंची वसाहतच! म्हणून दर रविवारी तो सौम्य शांपूनं धुवायचा आणि आडवा ठेवून वाळवायचा. कुठे? जिथे वारा आहे, धूळ नाही आणि कुणी वस्तूंना हात लावत नाही, अशी घरात एकच जागा: देवघराची खिडकी.

सोमवारी ब्रशवर पांढरी पूड!

पांढरी पूड म्हणजे फेस पावडर, आणि घरात फेस पावडर लावणारी दुसरी बाई कोण? तर्क कसा बिनतोड, बघा! मी ब्रश रोज धुवू लागले. तर पूडही रोज.

"महादेवी, दुसऱ्याचा ब्रश वापरणं म्हणजे दुसऱ्याचे जंतू तोंडाला फासणं. कळतंय ना?"

"कळतंय की, अक्का. पन मी न्हाई घेतले."

"मग ही पूड कशाची?"

ती मान खाली घालून भाकरी थापत राहिली. तिचं गप्प बसणं मी कबुलीत जमा केलं.

त्याच सुमारास सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, वेगळीच तक्रार काढली. "बाई, इभूतीला शांपूचा वास कामून यायलाय?"

"वयानुसार घ्राणेंद्रियात बदल होतात, अप्पा."

एवढ्यावर थांबेन तर मी कसली! त्यांना नाकाच्या डॉक्टरांकडे नेलं. नाकात काही सापडलं नाही. मी म्हटलं, डॉक्टरांचा अभ्यास कच्चा आहे.

मग एका दुपारी, घरात पाहुणे बसलेले असताना, मी ब्रश भिंगाखाली धरून महादेवीला पूड दाखवली. संध्याकाळी तिनं स्वतःचे नि आपल्या लेकीचे कपडे पिशवीत भरले, "जरा आईकडं जाऊन येते" म्हणाली, आणि निंबर्ग्याच्या बसमध्ये बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रशवर पूड होती.

आता सांगा, निंबर्ग्याहून कुणी ब्रश वापरायला येतं का? पुढल्या पहाटे मी देवघराच्या दारात उभी राहिले. अप्पा आंघोळ करून आले. खिडकीतला ब्रश उचलला, भिजवलेल्या विभूतीत टेकवला आणि कपाळावर तीन पट्टे ओढले. फूटपट्टीनं आखल्यासारखे!

"ये, ये," मला पाहून ते म्हणाले. "बोटं थरथरायलेत, पट्टे वाकडे यायलेत, हे तू वळखलीस. काई न बोलता बुरूश आणून ठिवलीस. वर रोज धुतीस! समद्या पाव्हण्यांना सांगितलो मी."

इतकी वर्षं या घरात राहून मला घरची विभूती ओळखता आली नाही. मी "व्हय, अप्पा" एवढंच म्हणाले आणि ब्रश त्यांचा झाला. माझा नवा ब्रश कपाटात कुलूपबंद असतो. पुरळ तरीही गालावर आहे, ते जाऊ द्या.

मी निंबर्ग्याला फोन लावला.

"महादेवी, चूक माझी. ब्रश अप्पा घेत होते."

"ठाव हाय की मला. पूजेचं पानी रोज मीच ठिवायले न्हवं?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगून? तुमी त्यांच्या हातातनं बुरूश काढून घेतला असताव, वर जंतू सांगितला असताव. किती खूश हुते अप्पा!"

"अगं, पण मी विचारलं तेव्हा तरी..."

"तुमी इचारलाव कुठं, अक्का? तुमी तर शिकवायलाव."

तेव्हा मी तिला, उत्तर आधी न ठरवता, आयुष्यातला पहिला प्रश्न विचारला: "कधी येतेस?"

पलीकडून कुणीतरी तिला हाक मारली. "ठिवते, अक्का," ती म्हणाली.

उत्तर अजून आलेलं नाही.